मागची कामं संपेपर्यंत

चाचणी १. वीज जाते, वायू साठतो, निरोप जातो.
पास. ०.०४ सेकंद.

ही हिरवी ओळ माझी. नोव्हेंबरातला शुक्रवार होता, दुपारचे साडेतीन.

आम्ही बॉयलरवर बसवायची पेटी बनवतो. बिश्केकच्या कडेच्या वस्त्यांमध्ये अजून कोळसाच जळतो. पेटी बॉयलरचा पंखा कमीजास्त करते, पाणी किती तापलंय ते बघते, आणि घरात कोळशाचा विषारी वायू साठू लागला तर भोंगा वाजवते आणि घरातल्या कुणाच्या तरी फोनवर निरोप धाडते. पेटीतला प्रोग्राम पाच जण लिहितात. त्याच्या चाचण्या मी लिहिते. चाचणी म्हणजे खोटं घर. खोटा बॉयलर, खोटा वायू, खोटा फोन. त्या घरातली वीज मी घालवते, वायू सोडते आणि खोट्या फोनवर निरोप आला का ते बघते. आला तर हिरवी ओळ, नाही आला तर लाल. दिवसातून तीसेक वेळा ही घरं उभी राहतात आणि मोडतात. त्यांत कुणी राहत नाही.

पहिली खरी पेटी मी माझ्या वडिलांच्या घरी बसवली. अतायच्या. शहराच्या उत्तरेला, शेवटच्या बसथांब्यापासून दहा मिनिटं चालत. निरोपासाठी फोन नंबर माझा दिला.

चाचणी १, आधीची.
पास. ४ मिनिटं ९ सेकंद.
पास. ४ मिनिटं ९ सेकंद.
नापास.
पास. ४ मिनिटं १० सेकंद.

पेटी दोन तऱ्हेची कामं करते. समोरचं काम संपल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. मागचं काम नुसतं सुरू करून द्यायचं. ते आपलं आपण चालतं आणि आपलं आपण संपतं. निरोप धाडणं आधी समोरचं काम होतं. वस्तीत इंटरनेट रडतखडत चालतं, त्यामुळे निरोप जाईपर्यंत पेटी अडून बसायची आणि तेवढा वेळ बॉयलरचा पंखा बंद. म्हणून ऑक्टोबरात त्या पाचांतल्या कुबातने निरोप मागे टाकला. बरोबर केलं त्याने. मी बघितलं आणि हो म्हटलं.

आता चाचण्यांमध्ये एक वाक्य असतं: सगळी कामं संपेपर्यंत थांब. त्या वाक्यातल्या ‘सगळी’मध्ये मागची कामं धरलेली नसतात. ती धरायची तर वेगळं सांगावं लागतं. कुबातने तेही सांगितलं, आणि चाचणी चार मिनिटांवर गेली. कारण निरोप गेला नाही तर पेटी थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करते, असं पाच वेळा. आणि आमचा खोटा फोन पहिल्या चार वेळा मुद्दाम उचलत नाही.

“एजे, तुमची चाचणी अजून चालूच आहे,” कुबात म्हणायचा. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, म्हणून मी त्याची एजे, मोठी बहीण. “तेवढ्यात मी लग्न करून येतो.”

“मुलगी ठरली?”

“ते घरचे मागे बघतायत. मी समोरून निघालो.”

एर्गेश आके हसत नसत; आके म्हणजे मोठा भाऊ. ते ओशचे, कंपनी त्यांची, टेबलावर कायम सुक्या दह्याच्या गोळ्यांची वाटी. एक गोळी गालात धरून ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“बुरुल, खोट्या फोनची वाट बघत इथे पाच खरी माणसं बसलीयत.”

“खोटं घड्याळ घालता येईल आके. चार मिनिटं पटकन उडून जातील. दोन दिवसांचं काम आहे.”

“नवा प्रोग्राम आज जाणार आहे. दोन दिवस कुठून आणू?”

“आणि पाचातून एकदा ती लाल येते.”

“का?”

“माहीत नाही. चाचणीच लहरी असेल.”

लहरी. हा शब्द आमच्याकडे फार सोपा आहे. चाचणी कधी हिरवी, कधी लाल आली की आपण तिला लहरी म्हणतो. घराला कुणी लहरी म्हणत नाही.

त्या चार मिनिटांतच अतायचा फोन आला.

“काय करतेस पोरी?”

“वाट बघतेय. चाचणी चाललीय, चार मिनिटं लागतात.”

ते खूश झाले. अताय तीस वर्षं नारीनच्या वर डोंगरात हवामान केंद्रावर होते. दर तीन तासांनी बाहेर जायचं, थर्मामीटरच्या पंख्याला चावी द्यायची, वारा काचेवरून फिरू द्यायचा, मग वाचायचं. चावी दिल्यापासून चार मिनिटं. लहानपणी मी शेजारी उभी राहून कंटाळायची, आणि ते बोट वर करायचे. थांब.

“चार मिनिटं बरोबर आहेत,” ते म्हणाले. “त्याच्या आत वाचलंस तर तो आकडा हवेचा नसतो, तुझ्या घाईचा असतो.”

“तुम्ही भोंग्यावरचा मोजा काढलात का?”

कोळसा घालायला बॉयलरचं दार उघडलं की भोंगा जरासा कोकलायचा. ऑक्टोबरातच त्यांनी त्याला लोकरी मोजा चढवला होता.

“काढतो.”

“काढतो म्हणजे कधी?”

“तुझी चार मिनिटं होऊ दे, मग माझी.”

फोन ठेवला तेव्हा पडद्यावर लाल ओळ होती. मी चाचणी उघडली. ‘मागचीही धर’ खोडलं. शेवटी होतं: निरोप पोचला का ते बघ. ते खोडून लिहिलं: निरोप धाडायचं काम सुरू झालं का ते बघ.

सुरू झालं होतं. नेहमीच सुरू होत होतं.

“०.०४,” कुबात म्हणाला. “एजे, तुम्ही आधी कुठे होतात?”

चाचणी २. जेवणाच्या सुट्टीत फोनकडे बघणे.
फोन शांत आहे. पास.

डिसेंबरातला मंगळवार. आम्ही खाली लगमान, रश्शातल्या लांब शेवया, खायला गेलो. धुरामुळे रस्त्यापलीकडची इमारत नुसती अंदाजाने दिसत होती. कुबातला शेवया पुरत नाहीत म्हणून तो वाढणारीशी हुज्जत घालत होता. मी फोन वाटीला टेकवून उभा ठेवला होता. एक वाजून दहा मिनिटं झाली, अकरा झाली, एक वाजून बारा मिनिटांनी मी रस्सा संपवला. मला सगळं बारीकसारीक आठवतं, कारण नंतर मी ती मिनिटं पुष्कळदा वाचली.

पेटीची स्वतःची नोंद अशी:

१३:०८ वीज गेली. पंखा बंद.
१३:१० वायू धोक्याच्या वर. भोंगा सुरू. निरोप धाडायचं काम सुरू.
१३:११ बॅटरीवर बदल. पेटी बंद होऊन पुन्हा सुरू.
१३:११ भोंगा सुरू.

पुढे निरोपाचं नाव नाही.

वीज गेली की पेटी तीनेक मिनिटं आतल्या छोट्या साठ्यावर काढते, मग बॅटरीवर जाते. जाताना ती एकदा बंद होऊन उठते. बंद होताना ती समोरची कामं संपू देते. मागची सोडून देते. उठल्यावर तिला वाटतं, निरोप धाडायला आपण मघाशीच घेतलाय. पाचातून एकदा लाल आलेली ओळ हेच सांगत होती. ती लहरी नव्हती. खोट्या घरातला माणूस पाचातून एकदा मरत होता, आणि मी ते घरच पाडून टाकलं.

अताय जेवून सोफ्यावर पडले होते. भोंगा मोज्यात वाजत होता. चार वाजता शेजारची काकेन एजे दुधाची बरणी घेऊन आली, दार लोटलं, आणि बरणी टाकून त्यांना बगलेत धरून अंगणात ओढलं. काकेन एजे सत्तरीची आहे. नंतर तिने मला सांगितलं, “मी म्हटलं, तोक्तोसून, मरायचं तर उन्हाळ्यात मर, आत्ता जमीन खणायला दगड आहे. तेव्हा त्याने डोळे उघडले.”

चाचणी ३. अतायला सांगणे.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी ते बोलले. नाकाला नळी, ओठ फुटलेले.

“तुझी पेटी झोपली होती का गं?”

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. त्यातून निघालं: “नेटवर्क नव्हतं, अताय.”

“डोंगरातही नसायचं,” ते म्हणाले. मग छताकडे बघितलं. “पण मोजा मीच घातला होता.”

मी त्यांचे पाय रजईत खोचले.

नऊ दिवसांनी त्यांना घरी सोडलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. त्यांना अजून अठरा रोगी बघायचे होते, पण चिठ्ठीचं टोक त्यांनी सोडलं नाही.

“आज चालतायत, बोलतायत, सही करतायत. पण चाळीस दिवस लक्ष ठेवा.”

“कशावर?”

“सगळ्यावर. हा वायू रक्तातून निघून जातो. त्याने मेंदूत सुरू केलेलं काम कधीकधी मागे चालू राहतं. आज बरा दिसतो म्हणून माणूस बरा असं नाही.”

मी चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली. हे वाक्य मला कळायला हवं होतं. मला नाही तर कुणाला.

ऑफिसात मात्र मी त्या मंगळवारच्या दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. ‘मागचीही धर’ परत लिहिलं आणि एर्गेश आकेंना बोलावलं. चौथ्या खेपेला ती लाल आली. आके गोळी चघळायचे थांबले.

“किती घरांत आहे आपली पेटी?”

“दोनशे बारा.”

“कुबात, आज कुणी घरी जाणार नाही.”

कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोनशे बारा पेट्यांमध्ये नवा प्रोग्राम पोचला. सुरू झाला असं नाही, पोचला. प्रत्येकीचं उत्तर येईपर्यंत आम्ही बसून होतो. कुबातने एकही विनोद केला नाही. जाताना आके म्हणाले, “निर्णय माझाही होता. हे वडिलांना सांगशील तेव्हा माझंही नाव घे.”

“घेईन.”

चाचणी ३. अतायला सांगणे. घरी आल्यावर तिसरा दिवस.

ते खुशीत होते. अंगणातल्या बर्फातून वाट काढत होते, मी ओरडले तरी. वस्तीतली माणसं येऊन जात होती. तळलेले गरम बोर्सोक, चहा, आणि तीच गोष्ट. भोंग्याला मोजा घालणारा म्हातारा. अताय स्वतःच सांगत.

“थंडी वाजत होती बिचाऱ्याला.”

माणसं हसत. तेही हसत. माणसं गेली की हसू चेहऱ्यावरून पुसल्यासारखं जाई. भाऊ तालाय मॉस्कोहून बोलला. फोन स्पीकरवर होता.

“तीस वर्षं यंत्रं सांभाळलीत ना तुम्ही? आणि मोजा घालता? बुरुलने जीव तोडून पेटी बनवली, आणि तुम्ही…”

“हो रे,” अताय म्हणाले. “चुकलं.”

तालायने फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “अताय, त्या दिवशी निरोप न जाण्याचं कारण…”

“चहा निवला,” ते म्हणाले. “दुसरा ओत.”

मी ओतला.

सुरू झालं. पास.

चाचणी ३. दहावा दिवस.

मी आधी लिहून काढलं होतं. सहा वाक्यं. पहिलं: मोज्यामुळे झालं नाही. भोंगा वाजला नसता तरी चाललं असतं, निरोप एक वाजून दहाला माझ्याकडे यायला हवा होता, मी वीस मिनिटांत पोचले असते. दुसरं: तो आला नाही कारण. तिसरं.

ते खिडकीशी वही घेऊन बसले होते. बाहेरचं तापमान अजून लिहून ठेवतात, सकाळ-दुपार.

“अताय, मला एक सांगायचंय. नेटवर्क होतं.”

“कुठे?”

“त्या दिवशी.”

त्यांनी मान वर केली. स्वच्छ, शहाणे डोळे. त्यांना सगळं कळलं असतं. हवामान केंद्रावर एकदा त्यांच्या हाताखालच्याने न वाचताच आकडा लिहिला होता; तेव्हा ते ओरडले नाहीत, त्याला शेजारी उभं करून चार मिनिटं थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. माझ्याशीही तसंच वागले असते. मला ते ठाऊक होतं. तरीही मी म्हटलं, “म्हणजे, थोडं थोडं होतं.”

“थोडंसं नेटवर्क काय कामाचं,” ते म्हणाले, आणि आकडा लिहिला.

सहापैकी एक वाक्य झालं. पास.

कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. सांगायला घेतलंय.

चाचणी ४. अताय बरे आहेत.
चालतात: पास.
बोलतात: पास.
सही करतात: पास.

एकोणिसाव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, वीज आली का. वीज होती. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. विसाव्या दिवशी ते दारातून खोलीत यायला निघाले आणि पावलं इतकी लहान पडू लागली, जणू बर्फावर चाललेत. काकेन एजे दूध घेऊन आली, त्यांनी तिला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. आई जाऊन अकरा वर्षं झाली.

“मी तुझी बायको असते तर तू केव्हाच मेला असतास,” काकेन एजे म्हणाली. मग स्वयंपाकघरात येऊन बरणी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. “हे कधीपासून?”

मी कोटाचा खिसा चाचपला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्यांना काड्यांनी घर करायला सांगितलं. चार काड्या. अताय काड्यांकडे बघत राहिले. मी शेजारी उभी राहून मनात म्हणत होते, थांबा, वेळ द्या, अजून चाललंय त्यांचं. बाईंनी वेळ दिला. पुष्कळ दिला.

“परत येतात का?” मी बाहेर विचारलं.

“काही जण. वर्षभरात थोडे थोडे. काही जण नाही.”

“कळणार कधी?”

“वाट बघायची.”

घरी येताना बसमध्ये ते खिडकीच्या काचेवर बोटाने आकडे काढत होते.

चाचणी ५. मोजा.

भोंग्यावरचा मोजा मी पहिल्याच दिवशी काढला होता. धुऊन त्यांच्या कपाटात ठेवला, जोडीच्या मोज्याबरोबर. सव्विसाव्या दिवशी बघते तर तो त्यांच्या खिशात. हात खिशात घालून ते तो चुरत बसतात. माझं नाव दिवसातून दोनदा हरवतं, आईचं मरण हरवतं, खाल्लेली भाकरी हरवते. मोजा हरवत नाही.

“मीच घातला होता,” कुणीही समोर आलं की म्हणतात. औषध घेऊन आलेल्या पोस्टवाल्यालाही.

चाचणी ३. अतायला सांगणे. सत्ताविसावा दिवस.

सकाळी अकरा वाजता ते कोट घालून अंगणात गेले. मी मागे. आभाळ धुराने पिवळट पांढरं, डोंगर नावाला नाहीत. कपडे वाळत घालायच्या लोखंडी खांबापाशी ते थांबले. खांबावर काही नव्हतं. त्यांनी हात वर नेला आणि हवेत चावी फिरवली. सहा वेढे, मी मोजले. मग माझ्याकडे न बघता बोट वर केलं.

थांब.

माझ्याकडे चार मिनिटं होती. मी सांगितलं. सहाही वाक्यं, क्रमाने. निरोप मागे टाकला होता ते. चाचणी पाचातून एकदा लाल येत होती ते. चार मिनिटं थांबायचा कंटाळा आला आणि मी थांबणंच खोडलं ते. पोचला का हे बघायच्या ऐवजी सुरू झालं का एवढंच बघितलं ते. नेटवर्क होतं ते. एर्गेश आकेंचं नाव घेतलं, कबूल केल्याप्रमाणे. शेवटी म्हटलं, “मोज्यामुळे नाही झालं अताय. माझ्यामुळे झालं. तुमची काही चूक नाही.”

ते ऐकत होते. मला खरंच वाटलं, ऐकतायत. मान किंचित कललेली, डोळे खांबावर. बोट अजून वर. कुत्रं भुंकलं, कुठेतरी कोळशाचं फावडं वाजलं. मी फोनवर बघितलं: तीन मिनिटं वीस. थंडीने डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही पुसलं नाही. तीन मिनिटं पन्नास. चार.

त्यांनी श्वास रोखला, आपल्या उबेने पारा हलू नये म्हणून, आणि खांबाजवळ वाकले. बराच वेळ वाचत राहिले. मग सावकाश सरळ झाले, माझ्याकडे वळले. ओठ हलले. मी वाट बघितली.

“मोजा,” ते म्हणाले, “मीच घातला होता गं.”

खिशातून काढून त्यांनी तो मला दाखवला.

मी त्यांचा हात मोज्यासकट धरला. बोटं बर्फासारखी गार होती. त्यांना आत न्यायला हवं होतं, बॉयलरमध्ये कोळसा घालायला हवा होता. मी पहिलं वाक्य पुन्हा म्हटलं.

“मोज्यामुळे झालं नाही, अताय.”

चाचणी ३. अतायला सांगणे.
चालू आहे.